एकत्र कुटुंबाचा संगणक कसा असावा ?

घरांत एखादी नवी वस्तु आणावयाची झाली म्हणजे तिची किंमत काय, हा प्रश्न आपण सर्वांच्या आधीं विचारतों. ती घरांत आल्यावर कोणाच्या हातीं राहील, बिघडल्यास कोण दुरुस्त करील, आणि दहा वर्षांनीं तिचें काय होईल, हे प्रश्न मागाहून सुचतात. भांडें, शिवणयंत्र किंवा पाण्याचा पंप घेतांना यामुळें फारसें अडत नाहीं. कारण त्या वस्तूंची पारख वडीलधाऱ्या मंडळींस अनुभवानें आलेली असते. संगणकाची गोष्ट निराळी आहे. त्याची पारख बहुतेक घरांत कोणासच नसते, आणि म्हणून दुकानदार सांगेल तें प्रमाण मानून, किंवा पुण्यास नोकरीस असलेल्या चिरंजीवांच्या एका वाक्यावर विसंबून, मोठी रक्कम खर्चण्याची पाळी येते. असा खर्च करण्यापूर्वीं गृहस्थानें व गृहिणीनें कोणत्या गोष्टी पाहाव्या, याचा थोडा ऊहापोह प्रस्तुत लेखांत करण्याचा आमचा विचार आहे.

उदाहरणासाठीं आम्ही जाफराबादच घेतों. जालना जिल्ह्यांतील हें तालुक्याचें गांव पूर्णा व केळना या नद्यांच्या संगमापाशीं वसलेलें आहे. थोडी शेती, एखादी नोकरी, एखादें दुकान, अशा दोन-तीन आधारांवर चालणारीं एकत्र कुटुंबें अशा गांवीं अजून आहेत. तशा एका घरांत किती प्रकारच्या गरजा असतात तें पाहा. आजोबांस ज्ञानेश्वरी मोठ्या अक्षरांत वाचावयाची असते. काकांस सात-बाराचा उतारा पाहावयाचा व पीकविम्याचा अर्ज भरावयाचा असतो. धाकट्या सूनबाईंचा वाणिज्य शाखेचा अभ्यास लग्नामुळें अर्धवट राहिलेला असतो व तो घरबसल्या पुरा करण्याची त्यांची इच्छा असते. मुलांच्या शाळेचे प्रकल्प तर बाराही महिने चालूच. कोणी म्हणेल कीं, प्रत्येकाच्या हातीं मोबाईल आहे, मग संगणक कशास ? त्यास आमचें उत्तर असें कीं, मोबाईल हें मुख्यतः पाहण्याचें साधन आहे. लिहिण्याचें व मांडण्याचें नव्हे. त्यावर चार पानांचा निबंध लिहिणें किंवा वर्षाच्या हिशेबाचा तक्ता मांडणें म्हणजे चमच्यानें विहीर उपसण्यासारखें आहे.

लहान पेटी, पूर्ण संगणक

संगणक म्हटला म्हणजे टेबलाखालीं बसणारा मोठा डबा, अशी जुनी कल्पना आहे. ती आतां सोडावयास हरकत नाहीं. ॲपल कंपनीनें २००५ सालीं मॅक मिनी काढला. पुढें इंटेल कंपनीनें हाताच्या पंजावर मावेल असा एनयूसी नांवाचा संगणक बाजारांत आणला व २०२३ सालीं तो व्यवसाय असूस या तैवानी कंपनीकडे सोंपविला. दरम्यान डेल, लेनोवो व एचपी या कंपन्यांनीं कचेऱ्यांसाठीं जे लहान संगणक केले, ते सुमारे १८ सेंटिमीटर लांब, तितकेच रुंद व साडेतीन सेंटिमीटर जाड असतात. देवघरांतील पोथीच्या बासनाएवढी ही पेटी पडद्याच्या पाठीमागेंही अडकवितां येते. तिला पडदा, कीबोर्ड व माऊस जोडला कीं संगणक पुरा झाला.

लॅपटॉपपेक्षां ही पेटी आम्ही कुटुंबासाठीं अधिक पसंत करतों, याचें कारण केवळ किंमत नव्हे. लॅपटॉपचा एक भाग बिघडला कीं सर्व यंत्र दुकानांत अडकून पडतें. येथें कीबोर्डवर चहा सांडला तर कीबोर्ड तेवढाच बदलावा लागतो. शिवाय लॅपटॉप उचलून कोणी खोलींत नेला कीं तो त्याचाच होतो. माजघरांत टेबलावर ठेवलेला संगणक मात्र सर्व घराचा राहतो. याविषयीं आम्ही शेवटीं पुन्हां लिहूं.

लिनक्स म्हणजे काय ?

पेटी म्हणजे नुसतें शरीर. तिला चालविणारी मूळ आज्ञावली हा तिचा प्राण. बहुतेकांस विंडोज तेवढें ठाऊक असतें. लिनक्स हा दुसरा मार्ग आहे. अमेरिकेंतील रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८३ सालीं मुक्त आज्ञावलींचा संकल्प जाहीर केला. आणि १९९१ सालीं हेलसिंकी येथील लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानें तिच्या गाभ्याचा भाग लिहून सर्वांस खुला केला. योगायोग असा कीं, त्याच १९९१ सालीं पुण्याच्या सी-डॅक संस्थेनें डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं ‘परम ८०००’ हा भारताचा महासंगणक उभा केला. फुकट मिळतें तें हलकें, असा आपल्याकडे एक समज आहे. पण २०१७ सालापासून जगांतील सर्वांत वेगवान ५०० संगणकांच्या यादींतील प्रत्येक यंत्र लिनक्सवर चालत आलें आहे. आणि केरळांतील सरकारी शाळांतील मुलें कित्येक वर्षें याच पद्धतीवर शिकत आहेत. तेव्हां लिनक्सच्या योग्यतेविषयीं शंका घेण्याचें कारण उरलेलें नाहीं. प्रश्न आहे तो एवढाच कीं, तें आपल्या घरच्या कामास जुळेल काय, आणि त्यासाठीं कोणती पेटी घ्यावी.

लिनक्सचे अनेक संप्रदाय आहेत, आणि नवख्या माणसाचा तेथेंच गोंधळ उडतो. घरासाठीं आम्ही लिनक्स मिंट सुचवूं. २००६ पासून चालत आलेली ही आवृत्ति विंडोजची सवय असलेल्यास परकी वाटत नाहीं. तिच्यांतील एक्सएफसीई हा प्रकार साध्या यंत्रावरही हलका चालतो, आणि तिच्या प्रत्येक मुख्य आवृत्तीस पांच वर्षें सुधारणा मिळत राहतात. १९९३ पासून स्वयंसेवकांनीं सांभाळलेलें डेबियन अधिक स्थिर खरें, परंतु तें मांडून देण्यास थोडा जाणता माणूस लागतो.

तीन वाटा

स्वस्त लहान संगणकाच्या आज तीन वाटा आहेत.

पहिली वाट रास्पबेरी पायची. इंग्लंडांत २०१२ सालीं निघालेला हा पत्त्याच्या पानाएवढा संगणक मुलांच्या शिक्षणासाठींच जन्मास आला. त्याची पांचवी आवृत्ति २०२३ सालीं आली, आणि कीबोर्डच्या पोटांतच सर्व संगणक बसविलेली ‘५००’ ही आवृत्ति २०२४ च्या डिसेंबरांत. प्रयोगशील मुलास याहून चांगली भेट नाहीं. परंतु मूळ पट्टीची किंमत पाहून हुरळून जाऊं नये. तिला योग्य वीजपुरवठा, थंड ठेवणारा पंखा, पेटी व साठवणीचें साधन हें सर्व निराळें घ्यावें लागतें. शिवाय तिचा प्रोसेसर मोबाईलच्या जातीचा असल्यामुळें नेहमींच्या संगणकांसाठीं तयार केलेल्या कांहीं आज्ञावली तिच्यावर चालत नाहींत. घरांतील एकमेव संगणक म्हणून आम्ही ती सुचविणार नाहीं.

दुसरी वाट नव्या स्वस्त पेट्यांची. इंटेलनें २०२३ च्या आरंभीं काढलेला एन-१०० हा प्रोसेसर यांपैकीं पुष्कळांत असतो. त्यास चार गाभे आहेत, वीज फारच थोडी लागते, आणि लिखाण, वाचन, व्हिडिओ व हिशेब यांस तो पुरेसा आहे. धोका आहे तो पेटी विकणाऱ्याचा. नांवही न ऐकलेल्या कंपनीची पेटी बिघडल्यास हमी घेऊन जावें कोठें, हें खरेदीच्या वेळींच विचारून ठेवावें. मेमरी व साठवण पेटीला कायमची झाळलेली असेल तर ती पेटी टाळावी.

तिसरी वाट कचेऱ्यांतून निवृत्त झालेल्या यंत्रांची, आणि आमच्या मतें जाफराबादच्या कुटुंबास हीच सर्वांत फलदायी आहे. याचें कारण नीट समजून घेण्यासारखें आहे. विंडोज १० ची सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबली, आणि विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधींच्या प्रोसेसरांस अधिकृतपणें स्वीकारीत नाहीं. त्यामुळें सहाव्या व सातव्या पिढीचीं हजारों धडधाकट यंत्रें मोठ्या कचेऱ्यांनीं एकदम काढून टाकलीं. त्यांत दोष कोणताही नाहीं. केवळ नव्या विंडोजनें त्यांस दार बंद केलें. लिनक्सला तीं आनंदानें चालतात. डेलचे ऑप्टिप्लेक्स मायक्रो, लेनोवोचे थिंकसेंटर टायनी, एचपीचे एलिटडेस्क मिनी हीं त्यांचीं नांवें. दिवसभर चालण्यासाठीं घडविलेलीं हीं यंत्रें मजबूत असून एक-दोन स्क्रू काढले कीं उघडतात, आणि उन्हाळ्यांत पारा चाळीस अंशांपलीकडे जाणाऱ्या धुळीच्या प्रदेशांत वर्षांतून दोनदां आंतील पंखा ब्रशनें साफ करतां येणें, हा लहानसहान गुण नव्हे.

यंत्र घेतांना मेमरी ८ जीबी व साठवण २५६ जीबीची एसएसडी एवढें असावें. मिंटचें काम याच्या निम्म्या मेमरीवरही भागतें. परंतु आंतरजालाचीं पानें दिवसेंदिवस जड होत चाललीं आहेत. २०२५ च्या अखेरीस मेमरीच्या किंमती जगभर चढल्यामुळें, ‘आतां कमी घेऊं व पुढें वाढवूं’ हा हिशेब साधेलच असें नाहीं. पुरेशी मेमरी बसविलेलेंच यंत्र घ्यावें. जुनी फिरती हार्ड डिस्क असल्यास ती काढून एसएसडी बसवून घ्यावी. जुन्या यंत्रास नवी चपळाई आणणारा याहून स्वस्त उपाय नाहीं.

दुकानांत काय पाहावें ?

आतां मुख्य गोष्ट. आंबा जसा आपण वास घेऊन घेतों, तसा संगणक चालवून घ्यावा. लिनक्सची मोठी सोय अशी कीं, तें यंत्रांत न बसवितां पेन ड्राइव्हवरून चालवून पाहतां येतें. गांवांतील एखाद्या जाणत्या विद्यार्थ्याकडून ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर मिंट उतरवून घ्यावें व तो खिशांत घालूनच जालन्यास किंवा छत्रपती संभाजीनगरास खरेदीस जावें. यंत्र सुरू करतांना डेल व लेनोवोवर एफ-१२ ही कळ, एचपीवर एफ-९ ही कळ दाबली असतां कोठून सुरू व्हावें तें विचारलें जातें. तेथें पेन ड्राइव्ह निवडावा. मग पुढील गोष्टी क्रमानें पाहाव्या.

१. यंत्राच्या मूळ व्यवस्थेस पूर्वीच्या कचेरीचा परवलीचा शब्द लावलेला तर नाहीं ना ? आमच्या परिचयाच्या एका घरीं असें कुलूपबंद यंत्र आलें. गृहिणीनें वर्षभर शिलाईचे पैसे बाजूस टाकून तें घेतलें होतें. त्यांत नवें कांहीं बसवितां येईना, आणि दुकानदार परत घेईना. शेवटीं तें यंत्र कोपऱ्यांत पडलें व मुलीचा अभ्यास पुन्हां मोबाईलवर आला. पांच मिनिटांच्या तपासणीनें हें टळलें असतें.

२. वायफाय आहे काय ? कचेरींतील यंत्रांत पुष्कळदां वायफायचा भागच नसतो. तो घालावयाचा तर इंटेलचा घ्यावा. तो लिनक्सला बहुधा तात्काळ ओळखतां येतो. स्वस्त यूएसबी वायफाय पुष्कळदां त्रास देतें. सर्वांत खात्रीची ती तार.

३. पडदा कसा जोडावयाचा ? या यंत्रांस बहुधा डिस्प्ले-पोर्ट असतो व घरच्या टीव्हीस एचडीएमआय. मधला जोड दुकानांतच मागून घ्यावा. घरांत टीव्ही असेल तर आरंभीं नवा पडदा न घेतां काम भागवितां येतें.

४. मूळ अडॅप्टर बरोबर आहे काय ? कांहीं यंत्रें परका अडॅप्टर ओळखून मुद्दाम मंद चालतात.

५. ध्वनि ऐकूं येतो काय ? या पेट्यांस कॅमेरा व मायक्रोफोन नसतो. तासिका ऐकावयाच्या असतील तर हेडफोन व कॅमेरा यांचा खर्च आधींच धरावा.

६. चित्रांसाठीं इंटेलची किंवा एएमडीची अंगभूत सोय असल्यास लिनक्सला निराळें कांहीं द्यावें लागत नाहीं. निराळें महागडें ग्राफिक कार्ड घरकामास अनावश्यक आहे.

यंत्राची मराठी

एक परीक्षा मात्र आम्ही प्रत्येक वाचकास मुद्दाम करावयास सांगूं. पडद्यावर ‘तऱ्हा’, ‘ज्ञान’, ‘ॲप’ व ‘ऑक्टोबर’ हे शब्द लिहून पाहावे. ‘तऱ्हा’ यांतील ऱ नीट उमटला नाहीं तर त्या टंकास मराठी येत नाहीं असें समजावें व दुसरा टंक निवडावा. मुंबईच्या एक टाइप या मंडळींनीं केलेला ‘मुक्त’, रेड हॅट कंपनीनें खुला केलेला ‘लोहित देवनागरी’, असे विनामूल्य टंक उपलब्ध आहेत. १९९१ च्या भारतीय मानकांत समाविष्ट झालेली इन्स्क्रिप्ट ही कळांची रचना लिनक्समध्यें अंगभूतच असते. ती एकदां बोटांत बसली कीं सर्व भारतीय लिपींस उपयोगीं पडते. म्हणून मुलांस प्रथमपासून तीच शिकवावी.

हा विषय केवळ सोयीचा नाहीं. १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता, आणि १९१८ सालीं हैदराबादेस स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठांत शिक्षणाचें माध्यम उर्दू होतें. उच्च शिक्षण घ्यावयाचें तर आपली भाषा बाजूस ठेवावी लागे, हें मराठवाड्यांतील कित्येक घरांतील वडीलधाऱ्यांनीं सोसलें आहे. त्यांच्या नातवंडांस आतां यंत्राशीं मराठींत बोलतां येतें. लिनक्सवरील लिबरऑफिस व फायरफॉक्स यांचीं मराठी रूपें मिळतात, आणि हीं भाषांतरें स्वयंसेवकांस सुधारतांही येतात. मुंबईच्या आयआयटीच्या ‘स्पोकन ट्यूटोरियल’ या उपक्रमांत लिनक्स व लिबरऑफिस शिकविणारे लहान लहान दृक्श्राव्य धडे मराठींतही आहेत. ते एकदां उतरवून घेतले कीं पुढें आंतरजालावांचूनही पाहतां येतात. अर्धवट सोडलेला अभ्यास पुन्हां हातीं घेणाऱ्या गृहिणीस यासारखा शांत शिक्षक दुसरा मिळणार नाहीं.

कोणी घेऊं नये ?

स्तुतीबरोबर मर्यादाही सांगावयास हव्या. घरच्या दुकानाचा हिशेब टॅलीवर चालत असेल, तर तो लिनक्सवर सरळ चालणार नाहीं. श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या टंकांत छपाईचें काम करणाऱ्यास विंडोजच लागेल. बोटांचे ठसे घेणारीं वा डिजिटल स्वाक्षरीचीं उपकरणें जोडून सेवा केंद्र चालविणाऱ्यानेंही लिनक्सच्या भरवशावर राहूं नये. कांहीं लेसर मुद्रणयंत्रांस त्यांच्या कारखानदाराचीच खास आज्ञावली लागते. तेव्हां घरीं मुद्रणयंत्र असल्यास त्याची चौकशी आधीं करावी. वर्डमध्यें केलेला कागद लिबरऑफिसमध्यें उघडतो, परंतु त्याची मांडणी क्वचित् सरकते. अर्ज पाठवितांना तो पीडीएफ करून पाठवावा म्हणजे वाद नाहीं.

विजेचा हिशेबही करून ठेवूं. लहान पेटीस साध्या कामांत सरासरी १५ वॅट लागतात असें धरलें, तर रोज सहा तासांप्रमाणें महिन्यास २.७ युनिट होतात. ८० वॅट खाणाऱ्या जुन्या मोठ्या संगणकास तेवढ्याच वेळांत १४.४ युनिट लागतात. पडद्याची वीज निराळी. पेटीस बॅटरी नसल्यामुळें वीज गेली कीं ती बंद पडते. म्हणून घरच्या इन्व्हर्टरच्या ओळीवर ती जोडावी. इन्व्हर्टर नसल्यास लहान यूपीएस घ्यावा व त्याची किंमत पेटीच्या किंमतींतच धरावी. एरवीं अर्धा लिहिलेला निबंध ऐन परीक्षेच्या आदल्या रात्रीं नाहींसा व्हावयाचा.

माजघरांतील जागा

यंत्र घरांत आल्यावर खरा प्रश्न सुरू होतो, आणि तो यंत्राचा नसून माणसांचा आहे. पुष्कळ घरांत आम्ही असें पाहतों कीं, संगणक आला तो ‘मुलांसाठीं’, पण त्यापुढें बसतो तो मुलगा. बहीण त्याच्या खांद्यावरून पाहते, आणि सूनबाईंस हातांतील कामें आटोपून येईतों यंत्र झांकून ठेवलेलें असतें. लिनक्समध्यें घरांतील प्रत्येकाचें निराळें खातें करतां येतें. प्रत्येकाचे कागद, त्याचा परवलीचा शब्द, अक्षरांचा आकार हें सर्व निराळें राहतें. आजोबांच्या खात्यांत अक्षर मोठें, नातवाच्या खात्यांत खेळ थोडे. हीं खातीं पहिल्याच दिवशीं सर्वांच्या नांवांनीं उघडावीं; त्यांत घरांतील स्त्रियांचीं नांवें वगळूं नयेत. आणि भिंतीवर वेळापत्रक लावावें. ज्या वेळीं घरांतील स्त्रियांस खरोखरच फुरसत असते, ती दुपारची वेळ त्यांच्याच नांवें राखून ठेवावी. सुरू करण्याची व दुरुस्तीची विद्याही एकाच्याच हातीं राहूं नये. पेन ड्राइव्हवरून लिनक्स पुन्हां बसविणें घरांतील निदान दोघांनीं शिकावें, व त्यांपैकीं एक मुलगी असावी.

खरेदीचा एकूण ताळा असा मांडावा: पेटी, पडदा, कीबोर्ड व माऊस, जोड, हेडफोन, आणि यूपीएस. यांपैकीं घरांत जें आहे तें वजा करावें. आज्ञावलीच्या रकान्यांत शून्य लिहावें. जी रक्कम उरेल तींतून मुलांच्या पुस्तकांस कांहीं बाजूस काढतां आली, तर खरेदी शहाणपणाची झाली असें खुशाल समजावें. कचेरीनें टाकून दिलेलें यंत्र, जगांतील अनेक अनोळखी माणसांनीं विनामूल्य घडविलेली आज्ञावली, आणि आपली मायबोली, या तिहींच्या बळावर पूर्णा-केळनेच्या संगमापाशीं एखादी अर्धवट राहिलेली पदवी पुरी झाली, तर त्या पेटीची किंमत त्याच दिवशीं फिटली.